एका खांबावर दोन तारा

आंजीजवळच्या आमच्या गावात चावडीसमोर रेडिओच्या एरियलच्या तारेचा उंच सागाचा खांब होता. पंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला तेव्हा तो आमच्याच वस्तीतल्या माणसांनी खड्डा खणून उभा केला. रेडिओ मात्र चावडीच्या ओट्यावर वाजायचा आणि आम्ही रस्त्यापलीकडे बसायचं. वाऱ्याबरोबर येतील तेवढ्याच बातम्या आमच्या.

नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन परतलो, त्याच आठवड्यात आई म्हणाली, "आता रस्त्यावर बसून आयकाचं नाई."

मी वर्ध्याला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. जुने सुटे भाग जमवून बॅटरीवर चालणारा एक रेडिओ जुळवला. पण आमच्या बुटक्या छपरावरच्या तारेवर नागपूरचं स्टेशन नुसतं कुजबुजायचं. मग एका रविवारी भरदिवसा मी चावडीच्या खांबावर चढलो आणि पंचायतीच्या तारेखाली हातभर अंतर सोडून घरापासून ओढून आणलेली माझी तार बांधली. अंगणात बातम्या खणखणीत वाजल्या.

सरपंचांचं बोलावणं आलं.

"तुही तार आमचा आवाज पिऊन राह्यली," ते म्हणाले. "संध्याकाळी काहीच आयकू येत नाई. काढ ते."

"दिवस बुडाला का दूरची स्टेशनं मधात घुसतात, सरपंचसाहेब. आवाज खालीवर होतेच. माही तार नव्हती तवाही होत होता."

"मले शिकवू नको. खांब पंचायतीचा हाय."

"मंग आमी पंचायतीत नाई का?"

शेवटी मीच सांगितलं, उद्या संध्याकाळच्या बातम्यांना सगळ्यांसमोर तार सोडतो. तुमचा आवाज वाढून टिकला तर पुन्हा बांधणार नाही. नाही टिकला तर तिला कुणी हात लावायचा नाही. सरपंच "ठीक हाय" म्हणाले.

आई माझ्यावरच भडकली. "काऊन सोडतो? खांब का त्याईच्या बापाचा हाय?" पण दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली, रस्ता ओलांडला आणि सरळ ओट्याच्या कडेला बसली.

मी वर चढून गाठ सोडली. नेमका त्याच क्षणी आवाज चढला. खाली टाळ्या पडल्या. मी पाय खांबाला आणखी आवळले.

"पाह्यलं?" सरपंच उठले.

आई जागची हलली नाही. "बसा. बातम्या सराच्या हायेत अजून."

मी वरच थांबलो. थोड्या वेळाने आवाज बसत गेला, शब्द बुडाले आणि त्यांच्या जागी भलत्याच भाषेतलं गाणं वर आलं. सुटी तार मी हात उंच करून सगळ्यांना दाखवली. "आता कोन पिऊन राह्यलं?"

सरपंच रेडिओचं बटण फिरवत राहिले. मी तार परत बांधली आणि उतरलो.

पुढे ती दोनदा कापली गेली. दोन्ही वेळा चावडी भरलेली असताना मी चढलो आणि सांधली. तिसऱ्यांदा कापायला कुणी आलं नाही.

त्या हिवाळ्यात सरपंचांचा घरचा रेडिओ बिघडला. त्यांनी तो गड्याबरोबर पाठवला. आई म्हणाली, "नीट करून दे. पन न्याले त्याईनंच यावं."

ते आले. अंगणात उभ्यानेच रेडिओ लावून पाहिला. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर नको म्हणाले. आईने तो त्यांच्यासमोरच तोंडाला लावला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला.