न चाखलेली अळंबी

दुपारी साडेतीनला अनंत केळुसकर आरामखुर्चीत टेकतात आणि झोप लागणार नाही, असं स्वतःला बजावतात. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला बजावणं चांगलं जमतं, पाळणं नाही.

आत ओट्यावर अळंबी, बटाटा आणि शेवग्याच्या शेंगांच्या रश्शाचं पातेलं झाकलेलं आहे. सकाळी बाजारातून अळंबीचे होते नव्हते ते तिन्ही वाटे त्यांनी उचलले. आता पुन्हा करतो म्हटलं तरी मिळायची नाही. भाजलेलं खोबरं, धणे, लवंग आणि मालवणी मसाला त्यांनी स्वतः पाट्यावर वाटलाय. सहाला लेक रेवती नव्या व्याह्यांना घेऊन पहिल्यांदाच जेवायला येतेय. "बाबा, बाहेरून मागवू या," ती म्हणाली होती. "तुझ्या आईच्या हातची अळंबी बाहेर मिळते का?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ती घरीही मिळत नाही. मंदाला जाऊन दोन वर्षं झाली.

अडचण एकच आहे. नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही, हा मंदाचा नियम. कांदा-लसणाची अळंबी देवाला चालते का, हा प्रश्न तिनं स्वतःच्या अधिकारात केव्हाच निकाली काढला होता. अनंतराव देव मानत नाहीत, पण नियम मानतात. त्यामुळे मीठ अंदाजानं पडलंय आणि कसं पडलंय ते कुणालाच ठाऊक नाही.

खुर्ची किंचित डुलते. खुर्चीखालून धरणाचा डावा कालवा वाहतोय. अनंतराव काठावर उभे आहेत, कालव्यातून तांबूस रस्सा संथ चाललाय. पलीकडे मंदा मोजपट्टीशी वाकून पातळी बघतेय.

"पाणी किती सोडलंत?"

"एक भांडं."

"खात्याची सवय जाईना तुमची. अळंबीला पाणी सुटतं, हो. आटवलंत ना मग?"

"वीस मिनिटं. मंद आचेवर."

"मग सुटलात."

मोजपट्टीच्या जागी आता घरातला ओटा आहे. खिडकीतून मात्र अजून कालवाच दिसतो, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मंदा झाकण उचलते. वाफ तिच्या चेहऱ्याला लागते, चष्म्यावर मात्र धरत नाही.

"खोबरं कुणी भाजलं?"

"मीच."

"करपवलं नाहीत?"

"दोनदा करपवलं. हे तिसरं."

चौतीस वर्षांच्या संसारात तिनं दुसऱ्या कुणाच्याही स्वयंपाकाला 'ठीक'च्या वर चढू दिलं नव्हतं. तिच्या सख्ख्या बहिणीची पुरणपोळीही 'ठीक'वरच अडली होती. 'बरं झालंय' हे फक्त स्वतःच्या अळंबीला, तेही वर्षातून एकदा.

"मीठ वासावरून सांग," अनंतराव म्हणतात. "तुला कळायचं."

"कळायचं कसलं. मी धीटपणे घालायचे." ती फडताळातली छोटी वाटी काढते आणि पळीनं रस्सा वाढून घेते.

"अगं, अजून नैवेद्य व्हायचाय."

"मला आता तुम्ही श्राद्धाचं पानच वाढता की. मी चाखलं म्हणून काय बिघडतंय?"

ती उभ्याउभ्या खाते. शेवटी तीन बोटं वाटीच्या कडेनं फिरवते, कायम फिरवायची तशी. बोटं चाटून पदराला पुसते. अनंतराव अभियंता होते, धरण भरताना त्यांची छाती अशी धडधडली नव्हती.

"बरं झालंय," मंदा म्हणते.

दारावरची बेल वाजते. कालवा नाही, पलीकडचं कुणी नाही. पाच पंचावन्न. अनंतराव स्वयंपाकघरात जातात. पातेल्यावर झाकण तसंच आहे. शेजारी छोटी वाटी आहे, रिकामी, आतल्या तांबूस थरात तीन बोटांच्या रेघा.

ती वाटी ते धूत नाहीत. देवासाठी दुसरी वाटी काढतात आणि दार उघडतात.

रेवती कानाशी येऊन कुजबुजते, "बाबा, मीठ बघितलंत का?"

"बघून झालंय," अनंतराव म्हणतात आणि व्याह्यांना पाटावर बसवतात.