आपण करू

पेणला आमच्या शेजारी राहणारा हा गृहस्थ प्रत्येक कामाला "आपण करू" म्हणतो आणि हात खिशात घालतो. रविवारी त्याच्या गॅरेजात आम्ही मित्र त्याच्याच गाडीचं इंजिन साखळीने वर ओढत होतो. खालचा एक बोल्ट निघेना. मिठागरात राबणाऱ्या आमच्या मित्राला तो म्हणाला, "तू घूस रे खाली. तुला सवय हाय."

"गाडी तुमची, तुम्ही घुसा," मी म्हणालो.

तो नुसता हसला. मित्र खाली गेला. तेवढ्यात साखळी घसरली, इंजिन वीतभर खाली आलं, आणि हा गृहस्थ ओरडला, "अरे, इंजिन सांभाळा!"

आम्ही मित्राला पाय धरून बाहेर ओढलं. इंजिन तसंच लटकत ठेवून सगळे निघालो.

"अरे, आपण करू की!" मागून हाक आली. हात तेव्हाही खिशातच होते.