प्लास्टरमधला हात आणि अठ्ठेचाळीस कपकेक

तिसरी पिशवी फुटली तेव्हा क्रीम थेट माझ्या चष्म्यावर आलं.

"सॉरी मॅडम," गावंडेभाऊ म्हणाले. "लय जोर लागला वाटते."

"जोर लावायचाच नाही भाऊ. ऊस नाही पिळायचा आपल्याला."

मे महिन्यातला शेवटचा गुरुवार होता, दुपारचे बारा वाजले होते. रविवारी सकाळी अकरा वाजता या माणसाला अठ्ठेचाळीस कपकेक आणि एक किलोचा केक सजवून नेरला पोचवायचा होता. आणि पायपिंग बॅग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली होती ती त्याच सकाळी दहाला.

मी यवतमाळला घरच्या हॉलमध्ये केक डेकोरेशनचे क्लास घेते. बारा वर्षं झाली. शिकायला बहुतेक बायका येतात, कधीकधी कॉलेजच्या मुली. गावंडेभाऊ माझे विद्यार्थी नव्हते. त्यांची बायको अर्चना दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकून गेली होती. नेरपासून सहा किलोमीटरवर त्यांचं गाव. घरी कापूस, सोयाबीन, तूर. अर्चनाने घरच्या ओव्हनवर केक करायला सुरुवात केली आणि बघताबघता नेरमधल्या वाढदिवसांना तिचे केक जायला लागले.

सोमवारी ती अंगणात पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

बुधवारी संध्याकाळी भाऊंचा फोन आला. "मॅडम, मले फुलं पाडायले शिकवा. रविवारची ऑर्डर हाय."

मी म्हटलं, "ऑर्डर मी करून देते ना. तुम्ही फक्त येऊन घेऊन जा."

"नाई. तुमी केला त तो तुमचा केक होईन. त्या बाईनं अर्चनाले सांगतलं हाय."

"मग अर्चना काय म्हणते?"

"ते म्हणते ऑर्डर कॅन्सल करा. म्या म्हटलं, नाई करत."

नेरमध्ये नुकतंच काचेच्या फ्रीजवालं एक नवं केकचं दुकान उघडलं होतं. एकदा ऑर्डर परत केली की ते गिऱ्हाईक तिकडे जाणार आणि तिकडचंच होणार, हे मलाही कळत होतं. मी त्यांना गुरुवारी सकाळी बोलावलं.

आता थोडं तांत्रिक सांगते. पायपिंग बॅग म्हणजे प्लास्टिकची निमुळती पिशवी, मेंदीच्या कोनासारखी, पण मोठी. टोकाला स्टीलचं नोझल बसवतात. नोझलच्या तोंडाचा जसा आकार, तशी क्रीमची नक्षी. पिशवी अर्धीच भरायची, वरून पीळ द्यायचा, तो पीळ अंगठ्यात धरायचा आणि वरच्या बाजूने हलका दाब द्यायचा. दुसरा हात फक्त दिशा दाखवतो.

नोझल हा शब्द भाऊंना नवा नव्हता. "आमच्या फवारणीच्या पंपालेही असते," ते म्हणाले आणि जरा सैल झाले. पण पंपाची सवयच आडवी आली. पिशवी ते मधोमध मुठीत धरत आणि आवळत.

दुसरी अडचण त्यांच्या तळव्यांची. काही लोकांचे हात गरम असतात. भाऊंचे तर तव्यासारखे. व्हिप क्रीम थंड असेपर्यंतच उभं राहतं. बीटर उचलल्यावर क्रीमचं टोक ताठ उभं राहिलं पाहिजे, त्याला आम्ही स्टिफ पीक म्हणतो. भाऊंच्या हातात पाच मिनिटांत त्याची लस्सी व्हायची.

आणि मी त्यांना काय शिकवत होते? गुलाब. कारण ऑर्डर गुलाबांची होती. मोहोड मॅडम म्हणून नेरच्या एक शिक्षिका, त्यांच्या जुळ्या मुलींचा पहिला वाढदिवस. त्यांनी अर्चनाला फोटो पाठवला होता. प्रत्येक कपकेकवर एक गुलाब, सुट्या पाकळ्यांचा. हा गुलाब माझ्या क्लासमध्ये तिसऱ्या आठवड्यात येतो, आणि तेव्हाही निम्म्या बायकांना जमत नाही.

गुरुवारी पाच वाजेपर्यंत भाऊंनी चाळीसेक गुलाब केले असतील. एकही गुलाब नव्हता. सगळे पत्ताकोबी. त्यांनाही ते दिसत होतं. त्यांनी ओल्या फडक्याने टेबल पुसलं, नोझल धुऊन ओळीत मांडली आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. जमन का?"

 माझी चूक मला तेव्हा दिसली. मी दिवसभर त्यांना माझा क्लास शिकवत होते. आधी पाकळी, मग पान, मग गुलाब, मी नेहमी देते त्याच क्रमाने. त्यांना गरज होती रविवारी चालेल अशा एका गोष्टीची.

"गुलाब जमणार नाही," मी म्हटलं. "पण गुलाबासारखं दुसरं काही नक्की जमेल. मोहोड मॅडमचा नंबर द्या."

"त्यायले सांगता? रागावतीन ना."

"आज रागावल्या तर चालेल."

मी लगेच फोन लावला. अर्चनाचा हात मोडल्याचं सांगितलं. डिझाइन थोडं बदलायचंय, म्हटलं.

"बदलायचं म्हणजे?" मोहोड मॅडमचा आवाज कडक झाला. "मी एक महिना आधी सांगितलंय. सगळं डेकोरेशन गुलाबांचं आहे."

"गुलाबच दिसेल. सुट्या पाकळ्यांचा नसेल, एका वेढ्यात काढलेला असेल. त्याला रोझेट म्हणतात."

"करणार कोण?"

"अर्चनाचे मिस्टर."

 मोहोड मॅडम म्हणाल्या, "ते तर शेती करतात ना?"

"हो. आणि आजपासून हेसुद्धा."

"उद्या संध्याकाळपर्यंत मला फोटो पाठवा. त्यांनी केलेल्याचा, तुम्ही केलेल्याचा नाही. मग सांगते."

त्यात मला गैर काही वाटलं नाही. मीही तेच म्हटलं असतं.

शुक्रवारी भाऊ नऊलाच आले. मी टेबलावर एकच नोझल ठेवलं, मोठ्या चांदणीच्या तोंडाचं. क्रीमही बाजूला ठेवलं. डालडा आणि पिठीसाखर फेटून सरावाचं मिश्रण केलं. ते उन्हाळ्यातही वितळत नाही आणि ताटावरून खरडून पुन्हा पिशवीत भरता येतं. शेजारी बर्फाच्या पाण्याचं पातेलं. दर दोन फुलांनंतर हात बुडवायचे, कोरडे करायचे, मग पिशवी धरायची. पिशवीत तीन चमचे माल, जास्त नाही.

रोझेट सोपं आहे. मध्यावर नोझल टेकवायचं आणि दाबत दाबत बाहेरच्या बाजूला दीड वेढा फिरवायचा. सगळा खेळ शेवटाला. दाब आधी सोडायचा, मग हात उचलायचा. उलटं केलं की फुलाला शेपूट येते.

भाऊंच्या पहिल्या वीस फुलांना शेपट्या आल्या.

"उंदरं दिसून राह्यले सारे," ते म्हणाले.

मी मोठ्याने म्हणायला लागले, "टेकवा, दाबा, फिरवा, सोडा, उचला." तेही पुटपुटायला लागले. साडेअकराच्या सुमाराला एक फूल शेपटीशिवाय उतरलं. भाऊंनी ताट फिरवून ते सगळ्या बाजूंनी पाहिलं. मी म्हटलं, खरडा आणि पुन्हा करा. त्यांना ते खरडवत नव्हतं.

जेवताना त्यांनी आपणहून सांगितलं. "ते पडली ना मॅडम, ते माह्या ठिबकच्या नळीनं. गुंडाया करून अंगणात ठेवला होता. चार दिवस म्हणून राह्यली होती, उचला म्हणून. म्या उचलला नाई."

"ती काही बोलली?"

"नाई. हेच त हाय. बोलली असती त बरं झालं असतं."

मी डबा झाकला आणि पुन्हा पिशवी त्यांच्या हातात दिली.

चार वाजता खऱ्या क्रीमने, खऱ्या कपकेकवर सहा फुलं काढली. चार बरी होती. फोटो मात्र मी सहाही फुलांचा पाठवला. पाऊण तासाने मोहोड मॅडमचा मेसेज आला: "चालेल. पण दोन जरा चपटी आहेत. आणि केकवर नावं सुबक पाहिजेत. ओवी आणि गार्गी."

नावांचा मी विचारच केला नव्हता. क्रीमने अक्षर काढणं हे वर्षभराच्या सरावाचं काम. मग चॉकलेटचा उपाय काढला. कागदावर मोठ्या अक्षरात नाव लिहायचं, त्यावर बटर पेपर ठेवायचा आणि वितळलेल्या चॉकलेटने खालचं अक्षर गिरवायचं. फ्रीजमध्ये घट्ट झालं की अख्खं नाव उचलून केकवर ठेवायचं. बिघडलं तर वितळवून पुन्हा. आपल्या लिपीचा इथे फायदा होतो. शिरोरेषा सगळी अक्षरं धरून ठेवते, नाव एका तुकड्यात निघतं.

ओवी पहिल्याच वेळी निघाली. गार्गीचा रफार तीनदा मोडला. चौथ्यांदा भाऊंनी तो रेषेला चिकटवून जाड काढला. जरा शिंगासारखा दिसत होता, पण टिकला.

केकचं त्याहून सोपं होतं. सगळीकडे रोझेटच काढायची, वर मध्ये नावांपुरती जागा सोडायची. ज्याला क्रीमचा थर गुळगुळीत लावता येत नाही, त्याने हाच केक करावा. खालचे सगळे खड्डे झाकले जातात.

शनिवारी अर्चनाने मापं सांगून भाऊंकडून केकचा स्पंज आणि कपकेक भाजून घेतले. रविवारी पहाटेच्या गाडीने मी नेरला उतरले. भाऊ मोटरसायकल घेऊन उभे होते. हात लावायचा नाही, नुसतं बसायचं, असं मी स्वतःला बजावलं होतं.

घरात शिरल्याशिरल्या मी कूलर बंद केला. कूलरची हवा ओली असते, त्या हवेत क्रीम ढिलं पडतं. अर्चना खुर्चीवर बसली होती, हात गळ्यात अडकवलेला. नवऱ्याकडे ती अशी बघत होती, जणू तिची स्कूटी कोणीतरी विचारल्याशिवाय चालवतंय.

"मनगट नका वाकवू," ती म्हणाली.

"मॅडमनं असंच सांगतलं हाय."

"मॅडमनं नसन सांगतलं."

मी सांगितलं नव्हतं. 

नावं ठेवून केक फ्रीजमध्ये गेला, एकतीस कपकेक झाले आणि लाइट गेली. पंखा थांबला. आठ वाजले होते आणि पत्रे तापायला लागले होते. भाऊंनी दोन फुलं काढली, दोन्ही हळूहळू बसली. त्यांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे बघायला लागले, आणि मी बर्फाची फॅक्टरी कुठे आहे हे विचारणार, तेवढ्यात अर्चना उठली.

"फ्रीजर उघडा. खालतं दोन बाटल्या हायेत पाण्याच्या, गोठवलेल्या. भांडं टोपल्यात ठेवा आन दोन्हीकून बाटल्या लावा. त्याइच्यावर ओला टॉवेल. झालेल्याइचे डबे फ्रीजमधी टाका आन दार उघडू नका."

"बाटल्या कधी ठेवल्या तू?"

"मी दरवेळी ठेवते. तुमाले काय मालूम?"

भाऊंनी तसंच केलं. दहा मिनिटांनी क्रीम पुन्हा उभं राहिलं. आता ती त्यांच्या शेजारीच उभी होती. दर फुलाला "सोडा" म्हणायची. मी म्हणायचे त्यापेक्षा अर्धा क्षण आधी, आणि तिचं बरोबर होतं. त्यांच्या गरम हातात दाब जरा लवकरच सोडावा लागतो. माझ्या ते दोन दिवसांत लक्षात आलं नव्हतं.

सव्वानऊला अठ्ठेचाळीस पूर्ण झाले, वर चार जास्तीचे. मी म्हटलं, "छान. भरा डब्यात."

"थांबा," अर्चना म्हणाली. डाव्या हाताचं बोट तिने तीन कपकेकवर दाखवलं. "हे, हे आन ते. हे नाई जाणार."

"काहून? मॅडम छान म्हणून राह्यल्या," भाऊ वैतागले.

"मॅडमचं नाव नाई हाय डब्यावर. माहं हाय."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी तिन्ही खरडले, हात बुडवले, पुसले आणि पुन्हा केले. नव्या तीनपैकी एकाला तिने मान डोलावली, बाकीच्या दोनांना "बरे हायेत" म्हणाली. तिच्याकडून एवढं मिळाल्यावर भाऊंचे कान लाल झालेले मी पाहिले.

केक आणि डबे ऑटोत ठेवले. अर्चना पुढे, भाऊ मागे, दोन्ही हातांनी केकचा खोका धरून. मी डब्यांजवळ. वाटेत एका गतिरोधकावर दोन कपकेक आडवे झाले. जास्तीचे चार होते म्हणून कोणी ओरडलं नाही.

मोहोड मॅडमनी दारातच झाकणं उघडली. एकेक डबा पाहिला. केकवरच्या नावांवर त्यांची नजर थांबली.

"हा गार्गीचा रफार जरा मोठा झालाय."

"मोडत होता," भाऊ म्हणाले. "म्हणून मजबूत केला."

त्या हसल्या. शिक्षिकाच त्या, म्हणाल्या, "असू दे. शुद्धलेखन बरोबर आहे." मग अर्चनाकडे वळून म्हणाल्या, "फोटोसारखे गुलाब नाहीत हं. पण वाईटही नाहीत." सप्टेंबरमध्ये त्यांच्या सासूबाईंची एकसष्टी होती. त्याचा केक त्यांनी तिथेच सांगून टाकला.

परतताना भाऊ अर्चनाला म्हणाले, "नळी म्या कोठ्यात नेऊन टाकली काल."

"पाह्यली," ती म्हणाली. 

जुलैच्या सुरुवातीला प्लास्टर निघालं. आता त्यांच्याकडे मोठी ऑर्डर आली की रोझेट भाऊ करतात आणि पाकळ्यांचे गुलाब अर्चना. भाऊंना गुलाब अजूनही येत नाही. शिकायची इच्छाही दिसत नाही.

माझ्या क्लासच्या फॉर्मवर मी तेव्हापासून एक रकाना वाढवला आहे: पहिला केक कोणासाठी, आणि कोणत्या तारखेला. कोणी लिहिलं की मुलाचा वाढदिवस पंधरा दिवसांवर आहे, तर तिला मी पाकळी शिकवत बसत नाही. तिला एक नोझल देते आणि त्याचंच पन्नासदा करून घेते. बाकीचं वाढदिवसानंतर.

नव्या बायकांना मी आणखी एक सांगते, आणि ते क्रीमबद्दल नाही. ऑर्डरमध्ये काही जमणार नसेल तर गिऱ्हाइकाला गुरुवारीच फोन करा. गुरुवारी सांगितलं तर त्याला डिझाइन बदललं म्हणतात. रविवारी सांगितलं तर केक बिघडवला म्हणतात.