उजव्या कमरेची तलवार

एलुआकाका ग्रांदेलांनी बावीस वर्षं रेशीम कोरलं, पण अंगाला एकदाही लावलं नाही. पॅरिसच्या सें-झाक गल्लीत वेरोंबाईंचं चित्रांचं दुकान. नावाजलेल्या चित्रकारांनी रंगवलेल्या बागेतल्या मेजवान्या तांब्याच्या पत्र्यावर कोरायच्या आणि त्याचे छापे विकायचे, हा आमचा धंदा. दुकानाच्या माडीवर काका माणसं कोरत आणि मी झाडं. माणसांना हात लावायची माझी लायकी नाही, असं त्यांचं मत होतं.

"हे लोक जेवतात कधी रे? सकाळपासून गवतात लोळतायत, एकाच्याही बुडाला मुंगी चावत नाही."

"सरदार लोकांना मुंग्यासुद्धा विचारून चावतात, काका."

"गप. तुझी झाडं कोबीसारखी झालीत."

माडीवर तेजाबाची वाफ, घशात चिकटून बसणारा जवसतेलाचा वास आणि समोर गिटार कुरवाळणारे हे गुलाबी ऐतखाऊ. मला दोन वर्षांतच त्यांचा वीट आला होता.

तरी नव्या पत्र्यात काका जीव ओतत होते. आजवर प्रत्येक छाप्याखाली कोरणारा म्हणून बाईंच्या दिवंगत नवऱ्याचं नाव जाई. तो जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्याचा हात चालूच होता. या खेपेला ग्रांदेल हे नाव घालायचा शब्द बाईंनी दिला होता.

पत्र्यावर कोरलं की छापा उलटा उमटतो. म्हणून आम्ही चित्र आरशात बघून कोरतो. या वेळी चित्राच्या मालकाने ते आठच दिवस वापरायला दिलं. काकांनी आरशात बघून त्याची नक्कल काढून ठेवली. म्हणजे नक्कल आधीच उलटी. पण बावीस वर्षांची सवय. कोरायला बसताना त्यांनी नकलेसमोरही आरसा लावला. चौदा महिने मी शेजारी होतो, उलट्याचं पुन्हा सुलट होतंय हे माझ्याही डोक्यात शिरलं नाही.

नमुन्याचा छापा निघाला. गिटारवाला डावखुरा आणि झाडून सगळ्या सरदारांच्या तलवारी उजव्या कमरेला.

"आता तलवार उपसायची तर शेजाऱ्याला हाक मारावी लागेल," मी म्हणालो. काकांनी छापा माडीवर आलेल्या बाईंपुढे धरला.

"बाई, हा छापू नका," ते म्हणाले.

"अहो ग्रांदेल, गिऱ्हाईक तलवार बघतं का पाठमोऱ्या बायकांच्या माना? शेजारच्या दुकानात निम्मे छापे उलटेच विकतात. आणि नाव घातलंय की तुमचं. तेच हवं होतं ना?"

"या घाणीखाली नको."

"मग चौदा महिन्यांचं तांबं मी चाटू?"

काका पत्रा खिडकीशी घेऊन बसले, खालच्या कोपऱ्यातलं स्वतःचं नाव पात्याने खरवडलं, तेल लावून घासलं आणि पत्रा बाईंच्या हातात दिला.

बाईंनी त्या मोकळ्या जागेत आपल्या भाच्याचं नाव घालून घेतलं. या भाच्याने कोरणी कधी धरली असेल तर दात कोरायला. छापे महिनाभर धडाधड खपले. हा दारात उभा राहून वाहवा घेई. एकाने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं तेव्हा मी तडक माडी चढलो.

"काका, खाली जाऊन सांगू का सगळ्यांना?"

"काय सांगणार? ती घाण माझी आहे म्हणून?"

त्यांनी पुढचा पत्रा ओढला. त्याच्यावरही मेजवानीच होती.