झाडाला हात पुरेना

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. लहानपणी तेलगावात तिठ्यावरच्या उताऱ्याचा नारळ फोडून खाल्लेला माणूस मी... भुतंच मला घाबरत असावीत!

मागच्या एप्रिलची गोष्ट. मी नोकरीसाठी कॅलिफोर्नियात होतो. गावी माय अंथरुणाला खिळलेली. जन्मभर ऊस तोडलेली बाई, पण आता उठून बसवत नव्हतं. धाकटी बहीण सुमन फोनवर म्हणाली, "दादा, माय लई आठवण काढती. येऊन जा की."

"सुट्टी नाही गं," मी म्हणालो. खोटं होतं. त्याच आठवड्यात चार मित्रांबरोबर मी समुद्रकिनाऱ्याच्या ट्रिपला गेलो.

सकाळी बोटीतून देवमासे पाहिले. एक मादी पिल्लाला अंगाशी घेऊन सावकाश चालली होती. सगळे फोटो काढत होते. मला माय आठवली, लाजही वाटली... पण ट्रिप सोडून निघालो नाही.

संध्याकाळी सहाला रेडवुडच्या जंगलात पोचलो. शेंडा बघताना डोक्यावरची टोपी पडेल, एवढी उंच झाडं! एका बुंध्याला पाचजणांनी हात धरून कवळ घातली. गाल सालीला टेकलेले, त्यामुळे पलीकडचं दिसेना. माझा डावा हात मोकळाच राहिला. तेवढ्यात त्यात कुणीतरी हात दिला. खरबरीत, गरम... आणि करंगळी अर्धीच.

मायची करंगळी कोयत्यानं तुटलेली होती.

"पुरला की रे हात!" साखळीच्या दुसऱ्या टोकाचा मित्र पलीकडून ओरडला. मी दचकून मागे सरलो. त्याच्यात आणि माझ्यात चांगलं पाच फुटांचं अंतर होतं — मधे कुणीच नाही. "तूच धरला होतास ना?" त्यानं विचारलं.

हॉटेलवर रेंज आली. सुमनचे अकरा मिस्ड कॉल होते. तिकडे सकाळी साडेसहाला माय गेली होती. म्हणजे आमचे संध्याकाळचे सहा.

"शेवटाला दोनी हात पसरले रे तिनं," सुमन रडत सांगत होती. "आमाला वाटलं, उचला म्हणती. तर म्हणली, 'झाड लई जाड हाय, पोराचा हात पुरंना.' कोणतं झाड रे, दादा?"

"काय माहीत," मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

याचा उलगडा मला आजही होत नाही. तो मित्र तर विषय निघाला की उठूनच जातो. मी कुठे होतो, ते मायला कळलं होतं, एवढंच मला समजतं. तिनं रागानं हात झटकला असता, तर सोसलं असतं. पण तिनं तो घट्ट धरला होता.