बाबांच्या पानांची डिस्क

बाबांचा टायपिंगचा क्लास डोंबिवलीत पिठाच्या गिरणीच्या वर होता. बारा मशिनं, सकाळी सहाला पहिली बॅच. खाली गिरणीची घरघर आणि वर टकटक, अशा आवाजात मी वाढले. दहावीच्या सुट्टीत मीही तिथेच शिकले. चूक दिसली की बाबा तिच्याभोवती लाल पेनाने गोल करायचे, आणि मी प्रत्येक गोलावर वाद घालायचे. आई म्हणायची, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. खोटं नव्हतं ते.

पुढे कॉम्प्युटर आले आणि क्लास ओस पडला. मी तोवर कोलशेतच्या एका कंपनीत, कॉम्प्युटर विभागातच लागले होते. ज्याने बाबांचा क्लास बंद पाडला त्याच्यावरच माझं पोट. बाबांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते सलायचं. म्हणून घरी जुळवलेला कॉम्प्युटर आणला, तेव्हा मीच त्यांच्या मागे लागले की तुमच्या विद्यार्थ्यांबद्दल लिहा. दोन दिवस नाही-नाही म्हणून ते बसले. एका विद्यार्थ्याला एक पान, असं ठरलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनवर मला मराठी अक्षरं काही आणता आली नव्हती.

मशीनवर लिनक्स ही प्रणाली होती आणि मला त्याचं वेड लागलेलं. दर महिन्याला काहीतरी मोडायचं आणि सगळं पुसून पुन्हा टाकायचं. बाबांची पानं माझ्या प्रयोगांत सापडू नयेत म्हणून एक जुनी हार्ड डिस्क आणून बसवली, फक्त त्यांच्यासाठी. सुरुवातीला ती दर वेळी कमांड देऊन जोडावी लागे. मी कमांड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवली. बाबांनी ती वाचली आणि म्हणाले, "दाराची कडी रोज मीच काढायची, तर हे मशीन करतं काय?"

मला ते लागलं. रविवारी बसून मी एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये एक ओळ घातली. मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठल्या फोल्डरवर चढवायची, याची ती यादी. ओळीतला शेवटचा आकडा मुद्दाम शून्य ठेवला, म्हणजे डिस्क बिघडली किंवा नसलीच तरी मशीन अडून बसणार नाही आणि बाबांना माझी वाट बघावी लागणार नाही. पुन्हा सुरू केलं, तर डिस्क आपोआप हजर. मॉनिटरवरचा कागद बाबांनी स्वतः काढला. मला तेव्हा किती आनंद झाला, आजही सांगता येत नाही.

ते रोज जेवण झालं की दुपारी बसायचे. लिहून झालेलं पान पुन्हा उघडायचे नाहीत. टायपिस्टची सवय ती, झालेला कागद पालथा घालून उजव्या हाताला ठेवायचा.

गणपतीच्या आधी एकदा ऑफिसातून काही मोठे प्रोग्राम घरी आणायचे होते. मी बाबांची डिस्क काढली, डब्यासोबत पिशवीत घातली आणि नेली. तीन दिवस ती कोलशेतला होती. बाबांना सांगायचं राहिलं. खरं म्हणजे सांगण्यासारखं काही आहे, असंच वाटलं नाही. चौथ्या दिवशी आणून पुन्हा बसवली.

त्या रविवारी बाबांना एका पानात काही घालायचं होतं. ते पानच सापडेना. शेवटची तीन पानंच नव्हती.

"मी सेव्ह केलं होतं," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, केलेलं असतं तर असतं ना इथे. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

बाबा उठले, कपाटातून टाइपरायटरचं जुनं रेक्झिनचं कव्हर आणून कीबोर्डवर घातलं. त्यानंतर ते त्या खुर्चीवर बसले नाहीत, आणि मशीन पुसून पुन्हा टाकायचे माझे प्रयोगही थांबले. आई दोनदा मला म्हणाली, तू त्यांना खोटं पाडलंस. मी दोन्ही वेळा तिच्यावरच उखडले.

गुढीपाडव्याच्या सुमाराला ती डिस्क खडखड करायला लागली. पानांची नक्कल दुसरीकडे करून मी ती काढून ठेवली आणि मशीन सुरू केलं. फोल्डर रिकामा असायला हवा होता. त्यात तीन फाइली होत्या, गणपतीच्या आधीच्या तीन तारखांच्या.

आमच्याकडे एकाच खिळ्यावर जुन्या कॅलेंडरवर नवं टांगायची पद्धत होती. तसंच झालं होतं. डिस्क नव्हती तेव्हा बाबांनी नकळत खालच्या, मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरच्या फोल्डरवर लिहिलं, मी डिस्क परत चढवली आणि त्यांची पानं तिच्याखाली झाकली गेली. खालच्या फोल्डरवर लिहायची परवानगीही मीच देऊन ठेवली होती. मशीन अडू नये म्हणून शून्यही माझाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाबांनी सेव्ह केलं होतं, तिन्ही दिवस.

पहिली दोन पानं क्लासमधल्या मुलांची होती. तिसरं माझं. शेवटी क्लासच्या रजिस्टरात असायचा तसा शेरा: "वेग उत्तम. बोटं योग्य. चूक मान्य करायला वेळ लागतो."

मी ते पान छापलं. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी कागद पुढे धरला आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही सेव्ह केलं होतं. डिस्क मीच नेलेली, आणि तुम्हाला सांगितलं नाही. चुकलं माझं."

त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचला. मग म्हणाले, "अगं, लाल पेन दे."

चुकीवर गोल करणार, असं मला वाटलं. त्यांनी गोल केला नाही. शेवटच्या ओळीत 'वेळ' या शब्दापुढे आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, "सात महिने." कागद माझ्या हातात दिला आणि कीबोर्डवरचं कव्हर काढायला आत गेले.