पॅनलमागची गाठ

छोट्या विमानात चढताना आधी पाय आत घ्यायचे की आधी पोट, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही एकदम घेतली. त्या गडबडीत माझा गुडघा समोरच्या पॅनलखाली असा काही आदळला, की त्या चार खुर्च्यांच्या विमानाचा कारभारच आटोपला. खरखरणारा रेडिओ गप्प झाला आणि काट्यांमागचे दिवे विझले.

"मेलं!" मी ओरडलो. "साडूबुवा, तुमचं विमान मी मारलं!"

विमान शेडमध्येच उभं होतं, त्यामुळे जीव कुणाचाच जाणार नव्हता. मी आलो होतो साडूंचा विसरलेला डबा पोचवायला. 'जरा बसून बघू का?' म्हटलं, तर तपासणीत गढलेल्या माणसाने नुसतं 'हं' केलं होतं. आता ते माझी सालटी काढणार, अशी माझी खात्री होती. पण ते पंखाखालून वाकून, समोर साप दिसल्यावर माणूस बोलतो तशा आवाजात म्हणाले, "हलू नका. आहात तसेच बसा. श्वास घ्या, पण बेताने."

माझ्या साडूंना सगळे मीटरकाका म्हणतात. ते विमानांचे इलेक्ट्रिशियन. मोजायचं मीटर त्यांच्या गळ्यात कायम अडकवलेलं, त्याची लाल आणि काळी वायर छातीवर लोंबती. जेवताना फ्रिजचा आवाज बदलला तर यांचा घास हातातच राहतो. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि त्यांची बायको, एकदा "डोकं दुखतंय हो" म्हणाली, तर यांनी विचारलं, "सतत, की मधूनमधून?"

"सतत."

"मग सोपं आहे," असं म्हणून ते पुन्हा पेपर वाचू लागले. ताई ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि प्रत्येक वेळी नव्याने चिडते.

पण काकांचं खरंच होतं. सततचा बिघाड म्हणजे गरीब गाय, उभी राहते आणि धार देते. मधूनमधूनचा बिघाड म्हणजे घरात शिरलेलं मांजर. तुम्ही काठी घेऊन आलात की ते पलंगाखालीही नसतं. या विमानात असलंच मांजर शिरलं होतं. उडताना क्षणभर रेडिओ बंद, दिवे बंद, आणि लगेच सगळं सुरू. जमिनीवर आणलं की विमान एकदम शहाणं.

विमानाच्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. त्या पहिल्यांदा हसल्या होत्या. "काका, माझे पेशंट असेच. दवाखान्याची पायरी चढले की दाढ दुखायची थांबते." पण मग एकदा ढगात असताना रेडिओ गेला. शेजारी त्यांचा उंच, लांब पायांचा मुलगा बसलेला. त्या सुखरूप उतरल्या, पण या वेळी हसल्या नाहीत. "काका, तुमच्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या मी विमान दुसऱ्या वर्कशॉपला देतेय."

'राग नाही' हे वाक्य काकांना रागापेक्षा जास्त लागलं. ताई सांगत होती, रात्रभर माणूस कूस बदलत होता. हातचं काम दुसऱ्याने पुरं करणं म्हणजे त्यांच्या लेखी भर चौकात धोतर सुटणं.

शोधायचं त्यांनी काही बाकी ठेवलं नव्हतं. बॅटरी, अल्टरनेटर, अर्थिंग, एकेक स्विच. पॅनलखाली एका माणसाचं डोकं आणि एकच हात मावतो, म्हणून टॉर्च दुसऱ्याने धरावा लागतो. तो धरायचा पाना.

पाना म्हणजे वर्कशॉपमधला इंजिनचा मेकॅनिक आणि काकांचा जोडीदार. दोघांचे केस काळे होते तेव्हापासूनची जोडी. यांच्या मुलीच्या लग्नात वाढपी तो, त्याच्या आईच्या आजारपणात दवाखान्यात झोपायला हे. पाना डावखुरा आणि तोंडाळ. काका वायरींची जुडी मेणाच्या दोऱ्याने बांधायचे, तेव्हा दोऱ्याची टोकं खालच्या अंगाला वळवून गाठीत दडवायचे, पुढे काम करणाऱ्याच्या हाताला टोचू नयेत म्हणून. पाना म्हणायचा, "ही गाठ आहे की मंगळसूत्र?" पण हट्टाने शिकला. काकांनी ती गाठ दुसऱ्या कुणाला शिकवलीच नाही. कुणी विचारलंच नव्हतं म्हणा.

शोधाशोध चालली असताना पानाच म्हणाला होता, "उजवी बाजू मी बघितलीय, तू डावीकडे बघ." आता पानाने बघितलं म्हणजे आपणच बघितलं, हा काकांचा जुना हिशेब. त्यांनी डावी बाजू तीनतीनदा विंचरली. तरी सापडेना, तेव्हा पाना हळूच म्हणाला, "डोळे तपासून घे रे एकदा." स्वतःच्या स्कूटरवर बसवून त्याने काकांना चष्म्याच्या दुकानात नेलं. नव्या जाड चष्म्याने काका घुबडासारखे दिसू लागले. बिघाड मात्र दिसला नाही.

आणि आता माझा गुडघा लागला होता, तो उजवीकडे.

काका पाठीवर सरपटत पॅनलखाली शिरले. मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. "दाबा गुडघा," खालून आवाज आला. रेडिओ गप्प. "सोडा." रेडिओ सुरू. "दाबा. सोडा." माझ्या गुडघ्याला आयुष्यात एवढा मान मिळाला नव्हता. मी फुशारून म्हणालो, "ताईला सांगा हं, बिघाड कुणी शोधला ते!"

बुटांची चुळबुळ थांबली होती.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. तळहातावर मेणाच्या दोऱ्याचा कापलेला तुकडा होता, गाठ शाबूत.

"एका वायरला पीळ देऊन जोड मारलाय," ते म्हणाले. "वर टेप. सैल झालाय. विमानात असा जोड कुणी मारत नाही. आणि वर ही गाठ. कुणाची आहे?"

"तुमचीच की." मी ती त्यांच्या घरी कपड्यांच्या दोरीला रोज बघतो. "टोकं आत दडवलेली."

"माझीच. पण उलटी पडलीय. डाव्या हाताची आहे."

तेवढ्यात पाना चहा घेऊन आला. त्याने काकांच्या हाताकडे बघितलं आणि तो ट्रे टेकवायला जागा शोधू लागला.

"कधी मारलास?" काकांनी विचारलं.

"तू लेकीच्या बाळंतपणाला गेला होतास तेव्हा. अल्टरनेटर बदलताना वायर तुटली माझ्या हातून. बाईंना सकाळीच उडायचं होतं. तू आलास की सांगणार होतो रे."

"मी कधीच आलो."

"मग राहून गेलं. नंतर बिघाड सुरू झाला, मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"गाठ माझी का घातलीस? तू तर नुसता टेप गुंडाळून मोकळा होतोस."

पाना चहाच्या कपांकडे बघत राहिला. मीही बघितलं. आपण तिथे नसावं असं वाटलं की माणूस कप फार बारकाईने बघतो.

काकांनी मालकीणबाईंना फोन लावला. "बिघाड सापडला. जोड आमच्याच शेडमध्ये मारलेला होता. पानाने मारला, मी तपासला नाही. दोघांचं नाव ध्यानात ठेवा."

बाईंचा आवाज मोठा, फोनबाहेरही ऐकू येत होता. "अहो, पण पाना तर मला म्हणाले, काकांना हल्ली दिसत नाही, म्हणून सापडत नाहीये. बिचारे, सांभाळून घ्या, म्हणाले."

काकांनी फोन ठेवला. नवा चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा घातला.

मग काकांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी नवी वायर घातली, मध्ये एकही जोड नाही. सवयीने पाना टॉर्च घेऊन पुढे झाला. काकांनी तो त्याच्या हातातून काढून माझ्या हातात दिला. "साडूबुवा, तुम्ही धरा. हात हलला तरी चालेल."

पाना दारात थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. त्याचा चहाही तिथेच राहिला.

काम झाल्यावर मी गुडघ्याने पॅनल दणादणा बडवलं. रेडिओ बेशरमपणे बोलत राहिला. विमान आता दुसऱ्या वर्कशॉपला जाणार नव्हतं, बाईंनी पुन्हा फोन करून तसं सांगितलं होतं. आनंदाची गोष्ट होती. काका मात्र पंखाखाली स्टुलावर बसून डबा न उघडता मांडीवर धरून होते.

मला राहवलं नाही. "काका, एक सैल जोड तो केवढा. त्याच्यापायी जन्माची दोस्ती तोडायची? चुकतो हो माणूस!"

त्यांनी डब्याची कडी उघडली.

"इतके दिवस टॉर्च त्याच्याच हातात होता."